त्रिफळा, इतरीफल आणि आपलं पोट
(साताऱ्यातील युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



शिबिरात तलाकवर बोललं जातं, शिक्षणावर बोललं जातं, संविधानावर तर बोललं जातंच. आज मी बद्धकोष्ठतेवर बोलणार आहे. हसा, हरकत नाही. हसू येतं कारण लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणूनच हा विषय घ्यावा लागतोय.

माझी एक फुफू सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहायची. तिला कब्जचा त्रास होता. आठवडी बाजारात एक माणूस चूर्णाच्या पुड्या विकायचा. रात्री पुडी घेतली की सकाळी पोट साफ. असं दोन वर्षं चाललं. मधेमधे रक्त पडायचं, वजन उतरत होतं, पण हे ती कुणाला सांगणार? घरात सगळे पुरुष. शेवटी तिला मिरजेला नेलं, तेव्हा मोठ्या आतड्यातली गाठ फार पुढे गेलेली होती. ज्या मिरजेत डॉ. वानलेस यांनी 1894 साली रुग्णालय उभं केलं, जिथे कर्नाटकातूनही माणसं उपचाराला येतात, त्या मिरजेपासून ती एका एसटीच्या अंतरावर राहत होती.

पुडीत विष होतं, असं माझं म्हणणं नाही. पुडी काम करत होती, आणि घोटाळा तिथेच झाला. रोज सकाळी पोट साफ होत असल्यामुळे ते बिघडलंय कशानं, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. म्हणून आज दोन गोष्टी समजून घेऊ: वनस्पती पोटात नेमकं काय करतात, आणि त्यांनी कुठे थांबायचं.

आधी आपल्या घरातली नावं घेऊ. हकीमसाहेब 'इतरीफल' देतात, वैद्य 'त्रिफळा' देतात. हे दोन्ही शब्द मुळात एकच आहेत. संस्कृतातला त्रिफळा अरबीत गेला आणि इतरीफल झाला. वैद्यांचा हिरडा तो हकिमांचा हलेला, बेहडा तो बलेला, आवळा तो आमला. हे हिरड्याचं झाड आपल्याच डोंगरात आहे. महाबळेश्वरच्या बाजूला फिरलात तर दिसेल. 'इसबगोल' हा शब्द फारसीतून आलाय. बीचा आकार घोड्याच्या कानासारखा, म्हणून ते नाव. पीक मात्र गुजरात-राजस्थानातलं. सना मक्कीच्या नावात मक्का आहे, पण तिलाच मराठीत सोनामुखी म्हणतात, आणि तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीची सोनामुखी जगभर जाते. औषधाचा धर्म शोधायला निघालेल्या माणसानं आधी त्याचा हा प्रवास पाहावा.

आता ही औषधं पोटात काय करतात ते पाहू.

पहिला प्रकार इसबगोलाचा. त्याच्या भुशीतला तंतू आपल्याला पचत नाही. तो पाणी धरून ठेवतो, फुगतो, बुळबुळीत होतो. त्यामुळे मल मऊ होतो, त्याचं आकारमान वाढतं आणि आतडं त्याला पुढे ढकलतं. म्हणजे इथे खरं काम पाणी करतं. भुशी कोरडी गिळली किंवा घोटभर पाण्यावर घेतली तर ती घशात किंवा आतड्यात अडकू शकते. मोठा पेलाभर पाण्यात मिसळून लगेच प्यायची, वर आणखी पाणी. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढा धीर धरायचा.

दुसरा प्रकार सोनामुखीचा. तिच्यातल्या घटकांना सेनोसाइड म्हणतात. 1941 साली स्वित्झर्लंडमधल्या आर्थर श्टोल आणि सहकाऱ्यांनी ते वेगळे काढले. गंमत अशी की सेनोसाइड स्वतः फारसं काही करत नाहीत. जठर आणि लहान आतडं ओलांडून ते मोठ्या आतड्यात पोहोचतात. तिथले जिवाणू त्यांचं रूपांतर करतात, आणि त्यातून जे तयार होतं ते आतड्याला हालचाल करायला लावतं. शिवाय आतड्यात पाणी शोषलं जाणंही कमी होतं. या प्रवासाला साधारण सहा ते बारा तास लागतात. म्हणूनच रात्री घ्यायची आणि सकाळी मोकळं व्हायचं. आपल्या आज्यांना जिवाणू माहीत नव्हते, पण वेळ बरोबर माहीत होती.

तिसरा प्रकार एरंडेलाचा. लहानपणी नाक दाबून पाजलेलं आठवत असेल. पचनात त्यातून रिसिनोलेइक आम्ल सुटतं. ते आतड्याच्या स्नायूंवरच्या एका ठरावीक ग्राहकाला जाऊन चिकटतं, हे जर्मनीतल्या संशोधकांनी 2012 साली दाखवून दिलं. तोच ग्राहक गर्भाशयाच्या स्नायूतही असतो. म्हणून गरोदर बाईला 'घरचंच तर आहे' म्हणून एरंडेल देऊ नका.

युनानी हकिमांनी हा फरक फार पूर्वी शब्दांत पकडला होता. हलकं मऊ करणारं ते मुलय्यिन, जोरात बाहेर काढणारं ते मुसहिल. दोन्हींना एकच माप लावायचं नाही, हे शहाणपण आपल्याच परंपरेत आहे. 'वनस्पती आहे, म्हणजे अपाय नाही' हे वाक्य त्या परंपरेतलं नाही, ते बाजारातलं आहे. सोनामुखी महिनोन्महिने, जास्त प्रमाणात घेतली तर जुलाब होऊन शरीरातलं पोटॅशियम घटू शकतं, आणि त्याचा त्रास हृदयालाही होतो. ती थोडे दिवस घ्यायची. आठवडाभरानंतरही गरज पडत असेल तर डॉक्टरांना विचारायचं.

कुणी म्हणेल, सनाचा उल्लेख तर हदीसमध्ये आहे. आहे. तिर्मिझी आणि इब्न माजाच्या संग्रहांत आहे. त्याचा आदर ठेवूनच सांगतो, 2020 साली करोनावरचा इलाज म्हणून सना मक्कीचे संदेश मोबाईलवर फिरत होते. तापानं आधीच पाणी कमी झालेल्या माणसाला जुलाबाचं औषध देणं ही श्रद्धा नाही, अविचार आहे. श्रद्धेच्या नावाखाली कुणी पुडी विकत असेल तर आत काय आहे आणि किती आहे, हे विचारणं आपलं काम आहे. ही प्रश्न विचारण्याची सवय साताऱ्याला नवीन नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर इथलेच, आणि डॉक्टर झाले मिरजेत.

आता रमजानकडे येऊ. दिवसभर पाणी नाही, इफ्तारला भजी आणि समोसे, सहरीला चहा. मग दहाव्या रोज्याला पोट बसतं. यात रोज्याचा दोष नाही, दस्तरखानाचा आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू सांगते. ते महाग नाहीत. सहरीला ज्वारीची भाकरी आणि मेथी किंवा शेपू. इफ्तारला खजूर आहेच, त्याच्यासोबत पेरू किंवा पपई. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची उसळ, तासगावचे बेदाणे रात्री भिजवून. इफ्तार ते सहरीच्या दरम्यान थोडं थोडं पाणी. इसबगोल घ्यायचं तर इफ्तारनंतर, भरपूर पाण्यासोबत. जोराचं जुलाबाचं औषध रोज्याच्या काळात स्वतःच्या मनानं घेऊ नका. त्यानं शरीरातलं पाणी जातं, आणि ते भरून काढायला दिवसा संधी नसते.

मुलींसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो, आणि मुलांनी ती जास्त लक्ष देऊन ऐकावी. कॉलेजात, स्टँडवर स्वच्छ संडास नाही म्हणून अनेक मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि वेग दाबून ठेवतात. शरीराची हाक वारंवार परतवली की हळूहळू ती मंद होते. याला हिरडाही उपाय नाही आणि हलेलाही नाही. याला उपाय आहे कडी लागणारा, पाणी असलेला संडास. नगरपालिकेकडे, कॉलेजकडे, आपल्या जमातीच्या कमिटीकडे त्यासाठी अर्ज करणं हेही आरोग्याचंच काम आहे.

शेवटी थांबायचं कुठे ते सांगतो. मलातून रक्त, विनाकारण वजन घटणं, अंगातलं रक्त कमी होणं, पन्नाशीच्या आसपास पोटाची सवय अचानक बदलणं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं. यांतलं एक जरी असेल तरी चूर्ण बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. पोट फुगलंय, उलट्या होतायत, वाराही सरत नाही, असं झालं तर त्याच क्षणी रुग्णालय. लोहाच्या गोळ्या, काही वेदनाशामकं, थायरॉईडचा आजार यांनीही बद्धकोष्ठता होते, म्हणून कुठल्या गोळ्या चालू आहेत ते डॉक्टरांना सांगा.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. अम्मीला, खालाला, फुफूला बाजूला घेऊन विचारा, "पोट ठीक आहे ना? रक्त वगैरे पडत नाही ना?" त्या रागावतील, हसतील, 'बेशरम' म्हणतील. म्हणू द्या. माझ्या फुफूला हे विचारणारं घरात कुणी नव्हतं. त्या घरात मीही होतो.