सांदवाडीतली घोणस



आज कापसाच्या भावाचा हिशेब मांडत नाही. आमच्या घरामागे काय घडले ते सांगतो. हिशेब त्यातही आहे.

पौषातली गोष्ट. दिवस उजाडायचा होता. चूल पेटवायला सूनबाई सांदवाडीत पऱ्हाट्या आणायला गेली. गंजीत हात घालणार तोच कुकरची शिट्टी व्हावी तसा आवाज आला. ती मागे सरली, म्हणून वाचली. कंदील नेऊन पाहिले तर जाड अंगाची, पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा असलेली घोणस. आपल्याकडे कोणी तिला परड म्हणतात.

नातू म्हणाला, "आबा, अजगराचं पिल्लू आहे, धरू का?" आमच्या पोटात गोळा आला. याच चुकीने माणसे दगावतात. मुलाने काठी उचलली, तीही आम्ही खाली ठेवायला लावली. साप मारायला जाणाराच जवळ जातो आणि दंश ओढवून घेतो. शेजारच्या गावच्या सर्पमित्राला बोलावले. त्याने ती बरणीत घालून नेली.

घोणस आली कशी? ज्वारीच्या कणग्या घरात, कडबा अंगणात, पऱ्हाट्यांची गंजी चुलीजवळ. तिथे उंदीर आले, उंदरांमागे घोणस आली. गंजी आम्ही हौसेने रचली नव्हती. सिलिंडर भरायला पैसा नाही, म्हणून चूल, चुलीसाठी पऱ्हाटी. ज्या फीडरवर अजून रात्रीची वीज आहे, तिथला शेतकरी अंधारात ओलिताला जातो तोही हौसेने नाही. साप गरिबी पाहून चावत नाही, पण आपले हातपाय त्याच्या तोंडाशी गरिबीच नेते.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. वर्षाला ५८ हजार! त्यातली बहुतेक खेड्यातली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. विचारले, सर्पदंशाची लस आहे का? उत्तर मिळाले, "लस आहे, पण रात्री डॉक्टर नसतात." आता सांगा, साप काय कचेरीची वेळ पाहून निघतो?

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते. विष चढल्याची लक्षणे दिसली की सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात. घोणशीच्या विषाने रक्त गोठत नाही, मूत्रपिंडे निकामी होतात. त्यावर मंत्र चालत नाही, मांत्रिकाच्या ओट्यावर फक्त वेळ जातो.

म्हणून घरी एवढे पाळा. गंजी घरापासून लांब, उंचवट्यावर रचा. पऱ्हाटी आधी लांब काठीने हलवा, मग उचला. अंधारात बॅटरी आणि बूट वापरा. दंश झालाच तर करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. बांगड्या, अंगठ्या काढा, तो अवयव हलू देऊ नका आणि मिळेल त्या गाडीने थेट दवाखाना गाठा.

आणि गावाने एवढे करावे. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या: आपल्या दवाखान्यात लसीच्या कुप्या किती, त्यांची मुदत कधी संपते आणि रात्री लस देणारा डॉक्टर कोण, हे बाहेरच्या फळ्यावर लिहिलेले असावे. घरचा शेतकरी सर्पदंशाने गेला तर सरकारच्या अपघात अनुदान योजनेत २ लाख रुपये मिळतात. ते हक्काचे आहेत, सोडू नका. पण आम्हाला मेल्यानंतरचे २ लाख नकोत, जिवंतपणी दहा कुप्या हव्यात.

आमची सूनबाई एका हाताच्या अंतरावरून वाचली. पुढच्या वेळी ते अंतर राहीलच असे नाही.