भूल देण्याच्या यंत्रातील बिघाड

स्नायू सैल करणारे औषध दिले, की रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो. त्या औषधाचा अंमल उतरेपर्यंत श्वास यंत्राच्या भरवशावर असतो. यंत्र बिघडले तरी रुग्णाला ते सांगता येत नाही.

श्वसनयंत्रांवर विसंबणे किती अवघड होते, हे छत्रपती संभाजीनगरने (तेव्हाच्या औरंगाबादने) 2021 मध्ये पाहिले. शस्त्रक्रियागृहात नव्हे, कोविड कक्षात. केंद्राकडून आलेल्या 150 व्हेंटिलेटरपैकी घाटी रुग्णालयामार्फत वापरात आलेले 113 सदोष निघाले आणि 37 खोक्यांतच राहिले, असे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे मांडले गेले. केंद्राने बोट दाखवले ते हाताळणीकडे. दोष यंत्राचा की माणसाचा, हा वाद जुनाच. बोस्टनमध्ये जेफ्री कूपर यांनी 1978 साली भूल देतानाच्या टाळता येण्याजोग्या 359 घटना मांडल्या. त्यांत 82 टक्के माणसाच्या चुका, तर यंत्राचे उघड बिघाड 14 टक्के होते. पण सैल सांध्यातून नळी निसटली, तर ती कोणाच्या खात्यावर मांडायची?

नळी निसटणे हा नेहमीचा बिघाड. कॅप्नोग्राफवरची कार्बन डायऑक्साइडची रेघ लगेच सपाट होते. बोटावरचा ऑक्सिमीटर मात्र फुप्फुसांतला साठा संपेपर्यंत 99 दाखवत राहतो. झडप अडकली किंवा कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाइम संपला, तर तीच रेघ श्वास घेताना शून्यावर येत नाही. नायट्रस ऑक्साइडचे छोटे सिलिंडर ऑक्सिजनच्या जागी बसू नये म्हणून त्यांच्या खुंट्या वेगळ्या ठेवलेल्या असतात. भिंतीमागे पाइपच उलटे जोडले गेले, तर त्या खुंट्यांचा उपयोग नाही. तिथे ऑक्सिजन मोजणारा सेन्सरच खरे सांगतो.

बिघाडाची शंका आली की यंत्राशी झटापट नको. आधी यंत्र सोडवून हाताने दाबायची अ‍ॅम्बू बॅग लावायची. छाती सहज फुगली तर दोष यंत्रात. बॅग दाबायला जड गेली तर दोष श्वासनलिकेतल्या नळीत किंवा रुग्णात: नळी मुडपलेली, कफ अडकलेला किंवा श्वासमार्ग आवळलेला. कारण त्यानंतर शोधायचे.

गळती मात्र सकाळच्या तपासणीतच सापडते. सर्किटचे रुग्णाकडचे तोंड बंद करून दाब 30 सेंटिमीटर पाण्याइतका चढवायचा. दहा सेकंदांत काटा खाली आला, तर गळती सापडेपर्यंत पहिला रुग्ण टेबलावर घ्यायचा नाही. अ‍ॅम्बू बॅग कपाटात नको, यंत्रालाच टांगलेली हवी.