लाल फितीची घडी

आखाती युद्धातील सैनिकांसाठी बांधल्या जाणाऱ्या पिवळ्या फितींपासून प्रेरणा घेऊन न्यूयॉर्कमधील ‘व्हिज्युअल एड्स’ या संस्थेच्या कलावंतांनी १९९१ साली एड्सग्रस्तांविषयीच्या सहानुभूतीची लाल फीत तयार केली आणि तिच्यावर स्वामित्वहक्क, म्हणजे नक्कल रोखण्याचा कायदेशीर अधिकार, मुद्दाम घेतला नाही. तिच्या प्रसाराचे श्रेय रंगाइतकेच या औदार्यालाही द्यावे लागते. सहा इंचांची साटीनची फीत मधोमध वळवून, वर लहान वेटोळे राहील अशा बेताने टोके एकमेकांवरून तिरपी नेली आणि ती जिथे छेदतात तिथे सेफ्टी पिन लावली की काम भागते. साटीन पॉलिएस्टरचे असल्यास कापलेली कड मेणबत्तीच्या ज्योतीजवळून क्षणभर फिरवावी, म्हणजे धागे वितळून चिकटतात व दशा सुटत नाहीत. सुती फीत मात्र सरळ पेटते.