ईयोब आणि त्याचे तीन मित्र



पवित्र शास्त्रातील कथांपैकी आज आम्ही ईयोबाची कथा निवडली आहे. तिच्यातला प्रश्न कोणा एका धर्माचा नाही. ज्या घरावर अकारण घाला पडला आहे, अशा प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे.

ऊस देशात ईयोब नावाचा एक सात्त्विक गृहस्थ राहात होता. सात मुलगे, तीन मुली, ७,००० मेंढरे, ३,००० उंट, बैलांच्या ५०० जोड्या असा त्याचा भरला संसार. देवाच्या दरबारात त्याची वाखाणणी होते तेव्हा सैतान एक खोचक शंका काढतो. ईयोब देवाला भितो तो फुकट का? देवाने त्याच्याभोवती कुंपण घातले आहे म्हणून तो भजतो. कुंपण काढा, म्हणजे भक्तीही जाईल. मग एकाच दिवसात गुरेढोरे गेली आणि वादळात घर कोसळून दहाही मुले गेली. पुढे अंगभर फोड उठले. ईयोब राखेत बसून खापरीने अंग खाजवू लागला.

सैतानाचा टोमणा आपल्यालाही लागतो. मूल आजारी पडले की आपण देवाशी बोली करतो. नवस बोलतो, तो फेडतो. ह्यात आम्ही ख्रिस्ती लोक मागे आहोत असे कोणी समजू नये. वांद्र्याच्या मतमाउलीपुढे मेणाचे हातपाय आणि मेणाची घरे वाहिली जातात. त्यामागच्या व्याकुळतेची थट्टा आम्हांला करायची नाही. पण देण्याघेण्याचा हिशेब चुकला, तर त्या दिवशी आपल्या भक्तीचे काय होते, एवढेच ही कथा विचारते.

आता मित्रांकडे वळू. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे समाचाराला आले. दुरून पाहिले तर ईयोब ओळखू येईना. ते रडले, त्यांनी आपली वस्त्रे फाडली, आणि सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले. साऱ्या कथेत त्यांनी केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच. पुढे ईयोबाच्या तोंडून आपल्या जन्मदिवसाला शाप निघाला, आणि मित्रांना धर्म धोक्यात आल्यासारखे वाटले.

त्यांचे गणित सोपे होते. देव न्यायी आहे. न्यायी देव निरपराध्याला शिक्षा करीत नाही. तेव्हा ईयोबाने पाप केले असलेच पाहिजे. अलीफज आरंभी सौम्यपणे बोलतो. बिल्दद तर मेलेल्या मुलांच्याच माथी अपराध मारतो. सोफर म्हणतो की शिक्षा झाली ती अपराधाच्या मानाने कमीच आहे. एवढ्यानेही ईयोब कबूल होईना, तेव्हा सौम्य अलीफजानेच त्याच्यावर आरोप रचले: तहानेल्याला पाणी दिले नाहीस, विधवांना रित्या हाताने घालवलेस! पुरावा कशाचाच नव्हता. सिद्धान्त उभा राहावा म्हणून मित्राला आडवे पाडले, एवढेच.

हे मित्र आपल्या ओळखीचे आहेत. नवरा मेला म्हणून कोवळ्या सुनेला पांढऱ्या पायाची ठरवणारे तेच. ‘मागच्या जन्मीचे काही असेल’ किंवा ‘प्रार्थनेत कमी पडला असाल’ असे पोर गेलेल्या आईला सांगणारेही तेच. शब्द धर्माप्रमाणे बदलतात, गणित तेच राहते. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला हेच विचारले होते, की पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? येशूने दोघांनाही दोषमुक्त केले आणि त्या माणसाला दृष्टी दिली.

शेवटी वावटळीतून देव बोलतो. गंमत अशी की ईयोबाने विचारलेल्या ‘का?’ ह्या प्रश्नाला तो उत्तर देतच नाही. तारे, समुद्र, रानबकरी, शहामृग, लढाईचा घोडा अशी आपली सृष्टी तो त्याच्यापुढे उभी करतो. दरबारातल्या त्या पैजेची गोष्ट ईयोबाला अखेरपर्यंत कळत नाही. तरीही तो निवतो. आजवर देवाविषयी कानांनी ऐकले होते, तो आता प्रत्यक्ष भेटला, एवढे त्याला पुरते. त्यानंतर देवाचा निवाडा येतो. देवाची बाजू घेणाऱ्या मित्रांवर देव रागावतो, आणि देवाशी भांडणारा ईयोब खरे बोलला असे सांगतो. तक्रार करायची तरी ती देवाच्याच दारी करायची, हीही श्रद्धाच होय.

कोणी म्हणेल, पुढे ईयोबाची मेंढरे दुप्पट झाली; म्हणजे सौदा साधलाच की! पण क्रम पाहावा. तसे वचन त्याला कोणी दिलेले नव्हते. आणि त्याचे दिवस पालटले ते त्याने त्या मित्रांसाठीच प्रार्थना केली तेव्हा. शिवाय गुरे दुप्पट झाली, मुले मात्र पुन्हा दहाच झाली. गेलेल्या मुलांची जागा कोणी भरून काढत नाही, हे त्या कथाकाराला ठाऊक असावे.

हा ग्रंथ मराठीत आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई होत्या. दुष्काळात काही महिन्यांच्या आत त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली; १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातल्या उपाशी मुलींना त्यांनी आणले आणि अन्न, निवारा व शिक्षण दिले. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. १९२१ साली एकुलती कन्या मनोरमा गेली, १९२२ साली बाई स्वतः गेल्या, आणि १९२४ साली ते भाषांतर प्रसिद्ध झाले. दुःखाचे कारण सांगत बसण्यापेक्षा दुःखिताजवळ बसणे म्हणजे काय, हे केडगावला पाहायला मिळते.

म्हणून श्रोत्यांजवळ आमचे एवढेच मागणे आहे. ह्यापुढे कोणाच्या घरी समाचाराला जाल, तेव्हा देवाची वकिली करू नका. त्याला वकिलाची गरज नाही. चुलीवर पाणी ठेवा, लेकरांना जेवू घाला, आणि त्या मित्रांचे पहिले सात दिवस आठवा.