‘गैरहजर’ लिहिण्याआधी
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपती ही विद्येची देवता. पहिलीत आलेल्या मुलांचा श्रीगणेशा आम्ही शिक्षक मंडळी दरवर्षी टिळा लावून, फूल देऊन करतो. पण ते मूल पुढे रोज शाळेत येतं का, हा प्रश्न मागे राहतो. आज त्याविषयीच दोन शब्द बोलायचे आहेत.

लोकमान्य टिळकांनी १८९३ साली पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिलं. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो संस्थानभर नेला. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया ही लहान रक्कम नव्हती.

आज आपल्याकडे १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा आहे. त्यात पालकाला दंड नाही. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य, आणि ते मूल नियमित येतं की नाही हे पाहणं शासनाचं व स्थानिक संस्थेचं. आठवी होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही. दंडाचा रुपया गेला, पण जबाबदारी आपल्या सगळ्यांवर आली.

एक साधा हिशेब सांगतो. पहिली ते पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे, असं कायदा म्हणतो. मूल महिन्यातून चारच दिवस घरी राहिलं, तर दहा महिन्यांत ४० दिवस गेले. पाच वर्षांत २०० दिवस. म्हणजे पाचवी झालेलं मूल खरं तर चारच वर्षं शिकलेलं असतं. ‘एका दिवसानं काय होते?’ असं म्हणताना हा हिशेब लक्षात ठेवावा.

आता कारणं पाहू. पोळा, लग्न, बाजार ही आहेतच. पण आपल्या भागात मोठं कारण म्हणजे कापसाची वेचणी. मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे बाईला सकाळपासून वावरात राहावं लागतं. अंगणवाडीतले शिकण्याचे वर्ग तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. त्याहून लहान बाळ कोण सांभाळणार? थोरली बहीण, नाही तर थोरला भाऊ.

काही मुलं खरीखुरी दांडी मारतात, हेही मान्य आहे. घरून दप्तर घेऊन निघतात आणि देवळाच्या सावलीत दिवस काढतात. पण त्यांनाही विचारावं लागतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आपला भाग मध्य प्रदेशात राहिला. घरी मराठी, शाळेचं पुस्तक हिंदी. मोठ्यांना त्याचं काही वाटत नाही, पण पहिली-दुसरीतल्या लेकराला वर्गात काही कळलं नाही तर ते आधी गप्प होतं आणि मग येईनासं होतं.

आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी पाचवीतला एक मुलगा दिवाळीनंतर येईनासा झाला. आम्ही रोज त्याच्या नावापुढे ‘अ’ मांडत गेलो. दुसऱ्या मुलांबरोबर दोनदा निरोप पाठवला. ‘पालक उदासीन’ असा शेराही आम्ही लिहून टाकला. तीन आठवड्यांनी दुपारी त्याच्या घरी गेलो. तो दारात बसून लहान बहिणीला वरण-भात भरवत होता. आम्हाला पाहून उठला आणि म्हणाला, “सर, माहं नाव कटलं का?”

आम्हाला उत्तर सुचेना. विचारल्यावर कळलं की आईची त्या वावरातली वेचणी आठ दिवसांतच संपली होती. मधले काही दिवस तो मोकळा होता. पण धडे पुढे गेले असतील, सर सर्वांसमोर उभं करतील, नाव कटलं असेल, या भीतीनं तो आला नाही. मग दुसऱ्या वावरात वेचणी लागली आणि तो पुन्हा अडकला. पहिले आठ दिवस घरच्या अडचणीचे होते. पुढच्या दिवसांत आमचाही वाटा होता.

शेजारच्या एका आजींनी बाळाला दुपारपर्यंत सांभाळायचं कबूल केलं आणि मुलगा परत आला. तो सहावीत गेला, पण त्या दिवसांत शिकवलेले अपूर्णांक त्याला शेवटपर्यंत जड गेले. तेव्हापासून आम्ही एक नियम केला आहे. सलग तीन दिवस मूल आलं नाही, तर चौथ्या दिवशी आमच्यापैकी कुणीतरी स्वतः त्याच्या घरी जातं. रागवायला नाही, विचारायला.

या मांडवातून आमच्या तीन विनंत्या आहेत. मूल येणार नसेल, तर पालकांनी पहिल्याच दिवशी खरं कारण कळवावं. आम्ही रागावणार नाही. दुसरी विनंती आजी-आजोबांना. वेचणीच्या दिवसांत शेजारचं एखादं बाळ दुपारपर्यंत सांभाळलं, तर एका मुलीची शाळा वाचते. तिसरी मंडळाच्या कार्यकर्त्यांना. वर्गणीच्या पावत्या आणि नाचाची तालीम शाळा सुटल्यावर ठेवावी. बाप्पाच्या नावानं झालेली गैरहजेरीही गैरहजेरीच असते.

आणि मुलांनो, किती दिवस चुकले याचा विचार करू नका. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी या. तुमचं नाव कटलेलं नाही.

गणपती बाप्पा मोरया!