एक वाक्य, अनेक पुस्तिका

आरतीसंग्रहांत ध्रुपद एकदांच पूर्ण छापलेलें असतें. पुढें प्रत्येक कडव्याअखेर नुसती 'ध्रु.' ही खूण येते आणि म्हणणारा त्या खुणेवरून संपूर्ण ओळ म्हणतो. ओळ लिहावयाची एकदां व म्हणावयाची अनेकदां, ही युक्ति महाराष्ट्राला जुनीच आहे. यंत्रांबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिकाही आज पुष्कळदां याच युक्तीनें तयार होतात.

पाण्याचे पंप तयार करणारा एकादा कारखाना घ्या. त्याचे पंप तीस प्रकारचे, म्हणून पुस्तिकाही तीस. "झांकण उघडण्यापूर्वीं वीज बंद करावी" ही सूचना प्रत्येकींत हवी. ती तीस ठिकाणीं नकलून ठेवली, आणि पुढें अनुभवावरून तींत "व पांच मिनिटें थांबावें" अशी भर घालण्याची वेळ आली, तर एकोणतीस पुस्तिका सुधारल्या जाऊन एक सहज राहून जाते. त्या एकीवर विसंबणाऱ्या कामगाराला उरलेल्या एकोणतिसांचा कांहीं उपयोग नसतो.

हा धोका टाळण्याचें एक साधन म्हणजे आय. बी. एम. कंपनींत तयार झालेली 'डिटा' ही लेखनपद्धति. कंपनीनें ती २००४ मध्यें ओॲसिस या मानकसंस्थेच्या स्वाधीन केली व २००५ मध्यें तिला मानकाचें रूप मिळालें. या पद्धतींत मजकूर लहान लहान स्वतंत्र प्रकरणांत लिहितात. कोणत्या पुस्तिकेंत कोणतीं प्रकरणें कोणत्या क्रमानें यावीं हें सांगणारा 'नकाशा' वेगळा ठेवतात. सामाईक वाक्य एकाच ठिकाणीं राहतें. इतरत्र त्याचा केवळ निर्देश असतो.

आरंभीं हा निर्देश थेट पत्त्याचा होता: अमुक फाइलींतील अमुक खुणेचा परिच्छेद. फाइलीचें नांव बदललें किंवा ती दुसरीकडे हलविली, कीं तिच्याकडचे सारे निर्देश तुटत. २०१० च्या १.२ या आवृत्तींत यावर तोड निघाली. निर्देशांत पत्त्याऐवजीं संकेतनाम लिहावयाचें आणि त्या नांवाचा अर्थ नकाशांत सांगावयाचा. 'तहसीलदार' या पदनामावर धाडलेलें पत्र त्या वेळीं त्या खुर्चीवर जो असेल त्याला पोंचतें. तालुका बदलला, कीं तेंच पदनाम दुसऱ्या व्यक्तीला लागू होतें. तसेंच 'सुरक्षासूचना' हें संकेतनाम घरगुती पंपाच्या नकाशांत एका मजकुराकडे व शेतीपंपाच्या नकाशांत दुसऱ्या मजकुराकडे बोट दाखवूं शकतें. मूळ प्रकरणाला हात लावावा लागत नाहीं. एकाच नकाशांत एका नांवाचे दोन अर्थ आले, तर पहिला ग्राह्य धरतात. एका नकाशाच्या निरनिराळ्या विभागांना आपापले अर्थ ठेवण्याची सोय २०१५ च्या १.३ या आवृत्तींत झाली.

सोयीबरोबर जबाबदारीही वाढते. नकाशांत संकेतनामाचा अर्थ सांगावयाचा राहिला, तर छापील पानावर ती जागा कोरी राहूं शकते. मूळ वाक्यच चुकलें, तर ती चूक एकदम तीसही पुस्तिकांत जाते. मराठीसारख्या भाषेंत आणखी एक अडचण आहे. वाक्य तयार ठेवून त्यांत यंत्राचें नांव तेवढें संकेतानें भरूं गेल्यास व्याकरण आड येतें; कारण पंप बंद करावा लागतो, मोटार बंद करावी लागते आणि यंत्र बंद करावें लागतें. विभक्ति लागतांना 'मोटार'ची 'मोटारीला' होते ती वेगळीच. इंग्रजींत हा प्रश्न सहसा उद्भवत नाहीं, म्हणून तेथील लेखकाच्या तो ध्यानांत येत नाहीं. भाषांतरकाराला मात्र तो पदोपदीं भेटतो. यास्तव सुटा शब्द न घेतां संपूर्ण वाक्य किंवा परिच्छेदच सामाईक ठेवणें हितावह ठरतें.

नकलण्याचे कष्ट संगणक वाचवितो. वाक्य खरें आहे कीं नाहीं हें पाहण्याचें काम त्याच्यावर सोंपवितां येत नाहीं. पूर्वीं तीस प्रती निरनिराळे लोक वाचीत, व एकाच्या नजरेंतून सुटलेली चूक दुसऱ्याला दिसण्याचा संभव असे. आतां वाक्य एकच उरल्यामुळें तें तपासण्याची जबाबदारी कोणा एकावर नेमून द्यावी लागते. पुस्तिका उघडणाऱ्या कामगाराला नकाशा दिसत नाहीं कीं संकेतनामही दिसत नाहीं. त्याच्यापुढें शेवटीं एक वाक्य असतें, आणि त्यावर विश्वासून तो झांकणाला हात घालतो.