वाचता येते, पण बोलता येत नाही
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



हळदीकुंकू आणि भजनाच्या कार्यक्रमात हा विषय वेगळा वाटेल. पण गेल्या वर्षात आपल्याच आळीतल्या दोघींनी मला याविषयी विचारले, म्हणून चिटणीसबाईंच्या परवानगीने तोच घेतला आहे.

अडीच-तीन वर्षांचे मूल दुकानांच्या पाट्या वाचते, एस.टी.वरचे गावाचे नाव वाचते. आपण कौतुक करतो, आल्यागेल्यापुढे वर्तमानपत्र वाचायला लावतो. पण त्याच मुलाला "पाणी हवे का?" असे विचारले, की तेही "पाणी हवे का?" एवढेच म्हणते. माझ्या धाकट्या नणंदेचा मुलगा असाच होता. आजोबा म्हणत, नातू कलेक्टर होणार. आणि नणंद रात्री रडे. कारण पुस्तकातला 'आई' हा शब्द तो केव्हाही वाचून दाखवी, पण तिला 'आई' म्हणून हाक त्याने कधी मारली नव्हती.

याला डॉक्टर हायपरलेक्सिया म्हणतात. नॉर्मन आणि मार्गारेट सिल्बरबर्ग या दोघांनी १९६७ साली अमेरिकेत हे नाव दिले. आपण संस्कृत स्तोत्र घडाघडा म्हणतो, अर्थ विचारला की गप्प बसतो. तसेच काहीसे हे आहे. आपली देवनागरी तर बहुतेक लिहिली तशीच उच्चारायची, त्यामुळे अक्षरांचे वेड असलेल्या मुलाला ती लवकर साधते. घरी पाहायचे तर पाटीवर 'चमचा आण' असे लिहावे. मूल नुसते वाचते की उठून चमचा आणते, ते बघावे. एवढ्यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांना सांगायला उपयोग होतो.

लवकर वाचणारे प्रत्येक मूल असे नसते, हेही सांगते. डॉ. डॅरोल्ड ट्रेफर्ट यांनी तीन प्रकार सांगितले आहेत. काही मुले नुसतीच हुशार असतात. काहींना स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम असतो. काहींत त्यासारखी लक्षणे दिसतात, पण वाढत्या वयात ती ओसरतात. आपले मूल कुठले, हे शेजारणीने ठरवू नये, आणि मीही ठरवणार नाही.

आता जायचे कुठे? बोलणे मागे असेल तर आधी कान तपासावेत. मुंबईत नायर रुग्णालय आहे, वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथे कानांची तपासणीही होते आणि वाचा-उपचारही, म्हणजे स्पीच थेरपी. आमच्या मुलाचे कान उत्तम निघाले, तेव्हा निदान एक शंका तरी फिटली. मग मुलांच्या वाढीचे डॉक्टर. मुंबईत 'उम्मीद' ही संस्था २००१ पासून हे काम करते. गावाकडच्या नातलगांनी अंगणवाडीताईंना विचारावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासते, आणि गरज दिसली तर जिल्ह्याच्या डी.ई.आय.सी. केंद्रात पाठवते. तिथे पैसे पडत नाहीत.

हायपरलेक्सियाच्या नावाने सरकारी दाखला मिळत नाही. स्वमग्नतेचे निदान झाले तर २०१६ च्या दिव्यांग कायद्याने मिळतो, आणि 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत विमा आहे. त्यात थेरपीचाही काही खर्च येतो. दाखल्याला 'शिक्का बसेल' म्हणून घाबरणारे पुष्कळ भेटले. त्यांच्या घरी थेरपीचे पैसे कोण देते, ते मात्र कोणी सांगत नाही!

एका ठिकाणी नणंदेला थेंबांची बाटली दाखवून "तीन महिन्यांत बोलेल" असे सांगितले आणि आगाऊ पैसे मागितले. हायपरलेक्सियावर औषध नाही. बोलणे आणि समजणे शिकवावे लागते, आणि त्याला महिने नव्हे, वर्षे लागतात.

शिकवायचे ते मात्र त्याच्या वाचनातूनच. थेरपीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले, पुस्तके लपवू नका. सकाळी पाटीवर लिहायचे : दूध, अंघोळ, शाळा. पुढे काय होणार ते कळले, की आरडाओरडा कमी. माठाला चिठ्ठी लावली : 'मला पाणी हवे.' त्याने ती वाचायची आणि लगेच पाणी द्यायचे. गोष्टीतले एक वाक्य वाचले की चित्रावर बोट ठेवायला लावायचे. "का?" असे विचारायचे नाही, "पोपट झाडावर आहे की पिंजऱ्यात?" असे दोन पर्याय द्यायचे. पाचएक महिन्यांनी एके दुपारी माठावर चिठ्ठी नव्हती, ती भिजून निघाली होती, आणि तो नुसत्या माठाकडे पाहून "मला पाणी हवे" म्हणाला. नणंदेच्या हातातले पीठ तसेच राहिले.

तो आता सात वर्षांचा आहे. शाळेत जातो. गणिताची उदाहरणे आकड्यांत घातली तर सोडवतो, शब्दांत घातली तर अडतो. थेरपी चालूच आहे.

मंडळाकडे माझे एकच मागणे आहे. तपासणीला पूर्ण दिवस जातो, आणि धाकटे मूल कडेवर घेऊन ती रांग धरणे बाईला झेपत नाही. त्या दिवशी दुसऱ्या मुलाला सांभाळायला आणि हिच्याबरोबर जायला आपल्यातल्या दोघी तयार हव्यात. जाताना लसीकरणाचे कार्ड, मूल काय काय बोलते त्याची वही, आणि मोबाइलवर दोन चित्रफिती घ्याव्यात : एक वाचतानाची, एक कोणाशी खेळतानाची. डॉक्टरांसमोर मूल तोंड उघडतेच असे नाही.

नावे घालायला वही आणली आहे. चहाच्या वेळी माझ्याकडे या.